डबक्यातले शेजारी

वडनेर भोलजी हे बुलढाणा जिल्ह्याच्या नांदुरा तालुक्यातील गाव. पूर्णेच्या खोऱ्यातील काळ्या जमिनीने ते वेढलेले आहे. मुंबईहून कोलकात्याकडे धावणारा राष्ट्रीय महामार्ग त्याच्या जवळून जातो. वैशाखात येथील जमिनीस पाऊल मावेल एवढ्या भेगा पडतात. मग मृग लागतो, पश्चिमेकडून ढग दाटून येतात आणि एका रात्री पाऊस कोसळतो. त्या रात्री गावाची झोप दोन आवाजांनी मोडते. एक आवाज पन्हळीतून पडणाऱ्या पाण्याचा आणि दुसरा बेडकांचा. काल संध्याकाळपर्यंत जेथे एक बेडूक दृष्टीस पडत नव्हता, तेथे शेकडो कंठ एकाएकी कोठून फुटले, याचे आश्चर्य लहानांना वाटते. मोठ्यांना मात्र ते वाटेनासे झाले आहे.

वस्तुतः ते कोठून आलेले नसतात. ते तेथेच होते. उन्हाळाभर जमिनीच्या भेगांत, बांधाच्या दगडांखाली, नाल्याच्या ओलसर काठात ते निश्चल पडून होते. काही जातींच्या बेडकांच्या मागच्या पायांवर फावड्याच्या पात्यासारखा एक कठीण उंचवटा असतो. त्याने माती मागे लोटीत ते उलट्या पावलांनी जमिनीत उतरतात आणि पावसाची ओल पोचेपर्यंत वर येत नाहीत. ओरडतात ते केवळ नर. मादीला आपला ठावठिकाणा कळावा म्हणून ही सारी हाकाटी चाललेली असते. आपल्याकडचा सर्वांत मोठा जो रानबेडूक, त्याचा नर या दिवसांत हळदीसारखा पिवळा होतो आणि ओरडताना त्याच्या गळ्याच्या दोन्ही बाजूंस निळे फुगे फुगतात. २०२० सालच्या जुलै महिन्यात मध्य प्रदेशातील नरसिंहपूर येथे असे पिवळे बेडूक पाण्यात जमले, तेव्हा त्यांचे चित्रण देशभर लोकांनी एकमेकांस पाठविले. हे परदेशी बेडूक असावेत, विषारी असावेत, असे तर्कही कित्येकांनी केले. दाराशी राहणारा शेजारी सणाचा पोशाख करून आला, तो घरच्यांनीच ओळखू नये, असा तो प्रकार होता.

हा शेजारी आज संकटात आहे. पाण्यात आणि जमिनीवर अशा दोन्ही ठिकाणी ज्यांचे आयुष्य जाते, त्या प्राण्यांस उभयचर म्हणतात. जगातील आठ हजारांहून अधिक उभयचर जातींची पाहणी शास्त्रज्ञांनी केली आणि तिचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांवरून असे दिसते, की दर पाच जातींपैकी दोन जाती नाहीशा होण्याच्या वाटेवर आहेत. पक्षी व सस्तन प्राणी यांच्यापेक्षाही उभयचरांची स्थिती अधिक बिकट आहे. मध्य अमेरिकेतील कोस्टा रिका या देशात माँतेवेर्दे नावाच्या डोंगराळ अरण्यात सोनेरी रंगाचा एक भेक राहत असे. १९८७ साली तेथे असे दीड हजारांवर भेक मोजले गेले होते. १९८९ साली केवळ एक दिसला. त्यानंतर तो कोणालाही दिसला नाही आणि २००४ साली ती जात नामशेष झाल्याचे जाहीर झाले. दोन वर्षांत दीड हजारांवरून एकावर! अशा अनेक जातींच्या नाशामागे त्वचेवर वाढणारी एक बुरशी आहे, हे शास्त्रज्ञांना १९९८ च्या सुमारास कळले. पण बुरशी हे एकच कारण नव्हे, आणि आपल्या गावापुरते बोलायचे तर ते मुख्य कारणही नव्हे. पाणथळ जागा बुजणे, पाण्यात विष मिसळणे, पावसाचे वेळापत्रक विस्कटणे ही कारणे अधिक जवळची आहेत.

महाराष्ट्रातील दुर्मिळ बेडूक म्हटले, की सिंधुदुर्ग जिल्ह्यातील आंबोलीचे नाव निघते. तेथील जांभ्याच्या सड्यांवर राहणाऱ्या, अंगावर पट्टे असलेल्या एका भेकाची नोंद शास्त्रज्ञांनी २००९ साली नवी जात म्हणून केली. तो अतिशय धोक्यात असलेल्या जातींत मोडतो आणि त्याला पाहण्यासाठी लांबून अभ्यासक येतात. हे योग्यच आहे. परंतु वऱ्हाडातील बेडकाला पाहण्यासाठी कोण येणार? तो सामान्य आहे, सगळीकडे आहे, असे सर्वजण धरून चालतात. दुर्मिळ वस्तू हरवली तर लगेच कळते. सामान्य वस्तू थोडीथोडी करून नाहीशी होते आणि ती गेल्याचे कोणाच्या ध्यानात येत नाही. गावात गुरांची मोजदाद होते, विहिरींची होते, झाडांचीही होते. डबक्यातल्या बेडकांची मोजदाद करावी, असे कोणाच्या मनात येत नाही. म्हणून खरी काळजी आंबोलीपेक्षा वडनेरची वाटावी, हे म्हणणे विचित्र वाटले तरी विचार करण्याजोगे आहे.

बेडकाचे शरीर आपल्यापेक्षा वेगळे आहे. तो तोंडाने पाणी पीत नाही, त्वचेने शोषून घेतो. फुप्फुसांप्रमाणेच त्वचेनेही तो श्वास घेतो. त्याची त्वचा म्हणजे जणू सदैव उघडे असलेले दार. त्या दाराने पाणी आत येते, हवा आत येते आणि पाण्यात कालवलेले विषही आत येते. कपाशीवर, सोयाबीनवर फवारलेले औषध पावसाबरोबर नाल्यात उतरते, तेव्हा पहिला घाला बेडकाच्या पिलांवर पडतो. अंड्यातून निघालेले बेडकाचे पिलू माशासारखे शेपटीचे असते; शास्त्रात त्याला भैकेर म्हणतात. त्याला पाण्याबाहेर पळून जाता येत नाही.

येथे शेतकऱ्यास दोष देणे सोपे आहे. पण ते न्याय्य नव्हे. बोंडअळीने कपाशीचे पीक डोळ्यांदेखत जाताना ज्याने पाहिले आहे, त्याला ‘फवारणी करू नका’ असे सांगणारा मनुष्य वऱ्हाडात राहिलेला नसावा. तथापि एक गोष्ट विसरता येत नाही. २०१७ सालच्या पावसाळ्यात याच विदर्भातील यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकांची फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले. जे विष नाल्यातील पिलास मारते, ते पाठीवर पंप घेतलेल्या माणसासही सोडीत नाही. बेडकाची बाजू घेणे म्हणजे शेतकऱ्याविरुद्ध उभे राहणे, असा समज असेल तर तो या घटनेने दूर व्हावा.

फवारणी थांबवता येत नसली तरी तिची रीत बदलता येते. फवारणीचा पंप नाल्यात किंवा पाणवठ्यावर धुण्याची सवय पुष्कळ ठिकाणी आहे. धुतलेले पाणी वाहून जाते, म्हणून काम संपले असे वाटते. परंतु तेच पाणी खालच्या डबक्यात साचते. औषधाची बाटली तीनदा विसळून ते पाणी पंपातच ओतावे आणि पिकावर फवारून टाकावे, असे कृषिखाते सांगत असते. यास एक पैसा अधिक लागत नाही. नाल्याच्या काठाची चार-पाच हात जमीन फवारणीविना, गवताखाली ठेवली, तर तेथे बेडकास आसरा मिळतो आणि मातीही वाहून जात नाही. बेडूक किडे खातो, पतंग खातो, नाकतोडे खातो. तो एकटा बोंडअळीचा नायनाट करील असे सांगणे खोटेपणाचे होईल. पण मजुरी न मागता रात्रभर शेतात राबणारा असा मजूर आपण होऊन घालवून द्यावा, हा व्यवहार कोणत्या हिशेबात बसतो?

आता डबक्यांविषयी. या बाबतीत गावातील शहाणी माणसेही बेडकाच्या विरुद्ध बोलतात आणि त्यांचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नाही. डबके म्हणजे घाण, डबके म्हणजे डास, डास म्हणजे हिवताप. म्हणून डबके दिसले की मुरूम टाकून बुजवावे, असे त्यांचे मत असते. घरातील ताप ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे मत पटते. परंतु सगळे साचलेले पाणी एकसारखे नसते, हे प्रथम समजून घेतले पाहिजे. डेंग्यूचा डास घराजवळच्या स्वच्छ पाण्यात वाढतो. झाकण नसलेली टाकी, रांजण, छतावरील जुने टायर, कुंडीखालची ताटली, हिवाळ्यात तसाच ठेवलेला कूलर ही त्याची घरे. तेथे बेडूक अंडी घालीत नाही. म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळून ही भांडी रिकामी केली, तर डेंग्यूचा डास मरतो आणि बेडकाचे काहीच बिघडत नाही. गटारातील सांडपाणी हे दुसरे पाणी. त्याचा निचरा झालाच पाहिजे. त्यात बेडकाचे हित शोधणे व्यर्थ आहे. राहिले तिसरे पाणी, शेताच्या खोलगट कोपऱ्यात, नाल्याच्या वळणावर, माळावरच्या खड्ड्यात पावसाने साचलेले. हिवतापाचा डास या पाण्यात होऊ शकतो, हे खरे आहे. पण बेडकाचे पाळणाघरही हेच आहे, आणि त्या पाण्यात डासांच्या अळ्यांना खाणारे किडे, चतुरांची पिले व बेडूक हे सगळे एकत्र नांदत असतात.

अशा पाण्यातून बेडूक काढून टाकले तर काय होते? याचे उत्तर दूरच्या देशातून आले आहे. कोस्टा रिका व पनामा या देशांत मागे सांगितलेल्या बुरशीने बेडकांचा संहार केला. बुरशी ज्या क्रमाने एकेका भागात पोचली, त्याच क्रमाने त्यानंतरच्या काही वर्षांत तेथे हिवतापाचे रोगी वाढलेले दिसले, असे २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात दाखविले आहे. हिवतापाच्या भीतीने बेडकाचे घर बुजविणाऱ्यांनी हे अवश्य ऐकावे.

या तिसऱ्या पाण्याविषयी आणखी एक नवल आहे. बेडकास मोठा, खोल, बारमाही तलाव आवडत असेल असे कोणासही वाटेल. तसे नाही. बारमाही पाण्यात मासे असतात आणि मासे अंडी व भैकेर गिळतात. म्हणून आपल्याकडील अनेक जाती उथळ, चार महिन्यांत आटणारे डबकेच पसंत करतात. तेथे मासे नसतात, पाणी लवकर तापते, शेवाळ लवकर वाढते. परंतु ते पाणी महिना-दीड महिना तरी टिकले पाहिजे. तेवढ्यात पिलास पाय फुटून ते बाहेर पडते. बुलढाणा जिल्ह्यात महामार्गाच्या कामास लागणारी माती तलाव व नाले खोल करून काढण्यात आली. ‘बुलढाणा पॅटर्न’ या नावाने त्या योजनेची देशभर वाखाणणी झाली, आणि पाण्यासाठी वणवण करणाऱ्या जिल्ह्यात ती व्हावी हे उचितच होते. पण खोलीकरण करताना काठाचा एखादा कोपरा उथळ व उतरता ठेवला, तर माणसाचे पाणी तिळभरही कमी न होता बेडकास त्याची जागा मिळते. त्याचप्रमाणे डासांच्या अळ्या खाण्यासाठी आणलेले मासे सिमेंटच्या हौदात सोडावेत. रानातील डबक्यात सोडू नयेत. गॅम्बुसिया नावाचे असे परके मासे बेडकांची अंडी-पिले फस्त करतात, हा अनुभव पुष्कळ देशांस आला आहे.

मराठीत कोत्या बुद्धीच्या माणसास कूपमंडूक म्हणण्याची चाल आहे. विहिरीतला बेडूक विहिरीसच जग समजतो, असा त्याचा अर्थ. बिचाऱ्या बेडकाची बाजू या शब्दात कोणी ऐकून घेतलेली नाही. तो विहिरीत हौसेने जात नाही. पुष्कळदा तो तेथे पडतो आणि चढून येण्यास वाट नसते म्हणून राहतो. जुन्या दगडी विहिरीच्या सांदीकोपऱ्यांत तो कसाबसा जगतो तरी. प्लॅस्टिकचा कागद अंथरलेल्या शेततळ्यात मात्र त्याची फार वाईट दशा होते. अशी शेततळी गेल्या काही वर्षांत ठिकठिकाणी झाली आहेत. त्यांच्या उभ्या, गुळगुळीत उतारावर बेडकाचे पाय ठरत नाहीत. एक गोणपाट किंवा जाड दोरखंडाची जाळी काठास बांधून पाण्यात सोडून ठेवली, की त्याला शिडी मिळते. सरडा, खार, चुकून पडलेले माणसाचे मूल, यांनाही तीच शिडी उपयोगी पडते.

रस्त्याचा प्रश्न याहून कठीण आहे. पहिल्या पावसाच्या रात्री बेडूक पाण्याच्या शोधात निघतात, तेव्हा मध्ये डांबर किंवा सिमेंट काँक्रीट आले तरी ते थांबत नाहीत. सकाळी रस्त्यावर जे दिसते ते सांगण्याचे कारण नाही. इंग्लंडमध्ये वसंत ऋतूच्या रात्री स्वयंसेवक बादल्या घेऊन निघतात आणि भेकांना उचलून रस्त्यापलीकडे नेऊन सोडतात. हे ऐकून वडनेरच्या एखाद्या उत्साही मुलाने बादली घेऊन महामार्गावर जावे, असे मात्र मुळीच नाही. तेथे भरधाव मालमोटारींपुढे माणसाचाही पाड लागत नाही. महामार्गाखालच्या मोऱ्या गाळ व कचरा काढून मोकळ्या ठेवणे, हे मोठ्यांचे व संबंधित खात्याचे काम आहे. मुलांनी गावातल्या गल्लीपुरते, पांदणीपुरते पाहावे. घरची मोटारसायकल पावसाळी रात्री पांदणीने हळू चालवावी, एवढे वडिलांस वा काकांस सांगितले तरी तो मोठा लाभ आहे.

मुलांच्या हातून काही अपकारही घडतात. बेडकावर मीठ टाकणे, त्याला दगड मारणे, शेपटीच्या पिलांना बाटलीत भरून घरी नेणे, यांत दुष्टपणापेक्षा अज्ञान अधिक असते. मीठ त्याच्या त्या उघड्या दारातून आत जाते आणि अंगातील पाणी ओढून घेते. त्याला ते आगीसारखे जाचत असले पाहिजे. भेकास हात लावला की चामखीळ उठते, ही समजूतही खोटी आहे. चामखीळ माणसापासून माणसास होते. तरीही बेडकास विनाकारण हाताळू नये, आणि हाताळल्यास हात धुवावेत. कारण काही भेकांच्या कातडीतून दाहक रस पाझरतो.

कायद्याने काही होत नाही, असे पुष्कळ लोक म्हणतात. बेडकाच्या बाबतीत कायद्याने एकदा मोठे काम केले आहे. परदेशातील मेजवान्यांसाठी भारतातून बेडकांच्या तंगड्यांची निर्यात होत असे. दरवर्षी कोट्यवधी बेडूक त्यापायी मारले जात. १९८७ साली भारत सरकारने ही निर्यात बंद केली. परंतु बंदरात माल अडविता येतो, तसा डबक्यात पडणारा मुरूम कायद्यास अडविता येत नाही. तो ग्रामसभेत अडवावा लागतो. २००२ सालच्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीस जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमावयाची असते आणि गावातील वनस्पती व प्राणी यांची लोक जैवविविधता नोंदवही ठेवावयाची असते. या वहीत बेडकास एक पान मिळावे, ही मागणी काही अवाजवी नाही. पहिला आवाज कोणत्या तारखेस आला, कोणत्या पाण्यावर आला, ते पाणी किती दिवस टिकले, एवढे तीनच रकाने असले तरी पुरे. ते भरण्यास शास्त्रज्ञ लागत नाही. सातवीतील मुलीचा कान आणि एक पेन्सिल लागते. अशा दहा वर्षांच्या नोंदी झाल्या, तर कोणत्या डबक्यावरचा आवाज बंद पडला आहे हे गावास कळेल; आणि ते डबके बुजविण्याचा ठराव आला, तर दाखविण्यास हाती काही कागद असेल.

वऱ्हाडात पावसाने ओढ दिली, की धोंडी निघते. कडुलिंबाचा पाला अंगास गुंडाळलेली मुले खांद्यावर मुसळ घेतात. त्यास जिवंत बेडूक बांधलेला असतो. घरोघर बाया त्यावर तांब्याभर पाणी ओततात, पसाभर धान्य घालतात. बेडूक ओरडला की पाऊस येतो, ही त्यामागील श्रद्धा. ऋग्वेदातही पावसाळ्यात बोलू लागणाऱ्या बेडकांचे एक सूक्त आहे. तेव्हा माणसाने पाऊस आणि बेडूक यांची सांगड घातली, ती आजची नव्हे. ती श्रद्धा टाकून द्यावी असे कोणी म्हणत नाही. परंतु ज्याच्याकडून पावसासाठी बोलणे करवून घ्यावयाचे, त्यालाच उन्हात दोरीने आवळून बांधायचे, यात काहीतरी चुकते. त्यातून एखादा वाटेतच मरतो. गावात काळी चिकण माती भरपूर आहे. तिचा मुठीएवढा बेडूक करून, दोन कवड्यांचे डोळे लावून तो मुसळास बांधला, तर बाया त्याच्यावरही तितक्याच भावाने पाणी ओततील. खरा बेडूक त्या वेळी बांधाखालच्या ओलीत असेल, आणि पाऊस आला म्हणजे त्याला ओरडण्यास एक डबके लागेल.